बालमानसशास्त्र शिकताना या चुका टाळा

शिक्षक पात्रता परीक्षेच्या दोन्ही पेपरांत बालमानसशास्त्राला 30 गुण असतात, आणि विद्यार्थी फिरून फिरून त्याच दोन-तीन संकल्पनांवर अडखळतात. गुण जातात ते जातातच. पण हीच मंडळी उद्या वर्गात उभी राहणार, याची मला जास्त काळजी वाटते.

सगळ्यात मोठा घोळ ऋण प्रबलनाचा. ऋण म्हणजे वाईट, म्हणजे शिक्षा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वर्तनाचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ स्किनर याच्या मांडणीत धन-ऋण हे साधं अधिक-उणे आहे. काही दिलं तर धन, काही काढून घेतलं तर ऋण. वर्तन वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. वेळेत गृहपाठ केला म्हणून शनिवारची जादा उजळणी माफ केली आणि मुलगी पुढेही वेळेत गृहपाठ करू लागली, तर ते ऋण प्रबलन. दंगा केला म्हणून खेळाचा तास काढून घेतला आणि दंगा कमी झाला, तर ती शिक्षा. पर्याय निवडण्याआधी एवढंच विचारा: दिलं की काढलं? वाढलं की घटलं?

हे घरात बघा. जेवताना मूल भोकाड पसरतं, आई मोबाइल हातात देते, रडणं थांबतं. रडल्यावर मोबाइल मिळाला, हे मुलाच्या रडण्याला धन प्रबलन. मोबाइल दिल्यावर रडणं थांबलं, हे आईच्या मोबाइल देण्याला ऋण प्रबलन. एकाच ताटापाशी दोघंही शिकतायत, म्हणून ती सवय सुटता सुटत नाही. अशा आईला बोल लावणाऱ्यांनी आधी हे नीट समजून घ्यावं.

दुसरी चूक पियाजेच्या अवस्थांची, म्हणजे मुलांचा विचार ज्या टप्प्यांतून बदलत जातो, असं या मानसशास्त्रज्ञानं मांडलं, त्या टप्प्यांची. 0 ते 2, 2 ते 7, 7 ते 11 वर्षं आणि त्यापुढे, हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण ते अंदाजे आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही. पियाजेचा भर अवस्थांच्या क्रमावर होता. सातवा वाढदिवस झाला म्हणून दुसऱ्या दिवशी विचार बदलत नाही.

माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीसमोर मी दोन सारख्या फुलपात्रांत सारखं दूध घेतलं. तिनं वाकून पातळी बघितली, "सेम आहे" म्हणाली. मग एकातलं दूध उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. तिनं लगेच पेल्याकडे बोट केलं: "यात जास्त." मी तेच दूध परत फुलपात्रात ओतलं, तर पुन्हा "सेम". तिला त्यात काहीच खटकलं नाही! उंची दिसली की रुंदी नजरेआड होते, ती अशी.

पण एवढ्यावरून "या वयात कळतच नाही" असा शिक्का मारणं ही तिसरी चूक. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी मुलांसमोर वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि एक खट्याळ टेडी अस्वल येऊन त्यातली एक ओळ विस्कटतं, असा खेळ केला. मोठ्या माणसानं मुद्दाम ओळ हलवली तेव्हा चुकणारी बरीच मुलं आता 'दोन्हीत सारख्याच' असं बरोबर उत्तर देऊ लागली. मोठं माणूस काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं, असं मुलाला वाटू शकतं. म्हणून उत्तराइतकंच प्रश्न कसा विचारला तेही तपासा.

मूल इतरांच्या मदतीनं कसं शिकतं हे मांडणाऱ्या वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाच्या बाबतीत विद्यार्थी 'जमतं' आणि 'जमत नाही' असे दोनच कप्पे करतात. त्याचा खरा मुद्दा मधल्या जागेचा आहे: एकट्याला न जमणारं, पण कुणी थोडा हात दिला की जमणारं. शिकवायचं तिथेच.

वाढ आणि विकास यांचा गोंधळ त्या मानानं किरकोळ. उंची-वजन ही वाढ. बोलणं, विचार करणं, स्वतःला सावरणं हेही धरलं की विकास.

पाठांतर बाजूला ठेवून घरातल्या एखाद्या पाच वर्षांच्या मुलासमोर चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून बघा. एक ओळ लांबवा, एकदाच विचारा, आणि उत्तरानंतर "असं का वाटलं?" म्हणून शांतपणे ऐकून घ्या.