पुढची काच बदलायचीये? आधी कोपऱ्यातला शिक्का वाचा

हायवेला डंपरच्या मागे होतो, खडी उडाली, टक् आवाज आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तडा पार आरशापर्यंत गेलेला. काचवाला म्हणाला 'ओरिजिनलच टाकतो साहेब', आणि मी मान डोलावली. पहिल्या पावसात डॅशबोर्डवर पाणी टपकायला लागलं तेव्हा कुठे मी कोपऱ्यातला शिक्का वाचला, तर भलत्याच कंपनीची काच.

तर ओरिजिनल म्हणजे काय ते आधी समजून घ्या. गाडीची कंपनी स्वतः काच बनवत नाही, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना आसाही इंडिया किंवा सेंट गोबेनची काच येते. त्याच मेकरची काच गाडीच्या लोगोसकट मिळाली तर ती कंपनी ओरिजिनल, लोगो नसलेली बाजारात स्वस्त पडते, आणि तिसरी कुठलीतरी कॉपी.

म्हणून जुनी काच काढायच्या आधी तिच्या खालच्या कोपऱ्याचा फोटो काढून ठेवा. गाडी सेकंडहँड असेल तर दाराच्या काचांवरचा शिक्काही बघा, तिथला मेकर वेगळा निघाला तर पुढची काच आधी कुणीतरी बदललेली असू शकते. नवीन काचेवर मेकरचं नाव, आयएसआय मार्क आणि लॅमिनेटेड (म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असल्याची खूण हवीच, आणि हे सगळं काच बसवायच्या आधी बघायचं, नंतर भांडून काय उपयोग.

आता खर्च कुठे करायचा? आरशामागे अ‍ॅडासचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टीमचा) कॅमेरा, रेन सेन्सर किंवा काचेवर स्पीड दिसणारा डिस्प्ले असेल तर लोगोवालीच घ्या, कारण काचेची जाडी, वळण, कॅमेऱ्यासमोरची जागा थोडी जरी इकडेतिकडे झाली तरी गडबड, आणि काच बसल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या काचेनुसार परत सेटिंग, करून घ्या, बिलात तशी नोंद मागा. साधी जुनी अल्टो-वॅगनआर असेल तर माझ्या मते त्याच मेकरची बिनलोगोची चालते, पण वाचलेले पैसे चांगल्या पीयू सीलंटवर (काच चिकटवायच्या गोंदावर) आणि हात बसलेल्या कारागिरावर घाला. बऱ्याच गाड्यांत बाजूच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेला टेकते, चिकटवण कच्ची असेल तर काचच बाहेर. सीलंट सुकायला किती तास लागतील ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी हलवू नका, दोन दिवस प्रेशर वॉशिंग पण नको.

इन्शुरन्सवाल्याला काच बदलायच्या आधी कळवा. काचेवर डेप्रिसिएशन, म्हणजे जुनं झाल्याची घट, कापत नाहीत, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० आणि त्यावर २००० रुपये कम्पल्सरी आपल्या खिशातून. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाऊ शकतो, तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर आधी हिशोब करा, स्वस्त काचेसाठी क्लेम परवडत नाही कधीकधी. एस्टिमेटमध्ये मेकरचं नाव लिहूनच घ्या, नुसतं 'विंडशील्ड १ नग' नको.

आणि हो, फास्टॅग जुन्या काचेबरोबरच जातो, सोलून परत चिकटवला तर चालत नाही. बँकेकडून नवा मागवून ठेवा, नाहीतर टोलवर जास्तीचे पैसे.