एमएस असताना व्यायाम कसा करायचा, आणि मुख्य म्हणजे कुठं थांबायचं

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजाराचं, निदान झालं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आता नुसता आराम कर, दुसरी म्हणते घाम गाळ, रोज १२ सूर्यनमस्कार घाल, सगळं पळून जाईल. दोघांनाही चहा पाजा आणि आपलं काम करा. आरामाचा सल्ला एके काळी डॉक्टरच द्यायचे, पण १९९६ साली अमेरिकेत युटा विद्यापीठात एमएसच्या पेशंटकडून १५ आठवडे एरोबिक व्यायाम करून घेतला आणि त्यांचा दम वाढला, ताकदही वाढली. आता त्रास हलका ते मध्यम असेल तर आठवड्यातून २ दिवस ३०-३० मिनिटं चालणं किंवा सायकल आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम, असं सांगतात. हे हळूहळू गाठायचं, पहिल्या सोमवारी नव्हे.

न्यूरोला विचारलंय, फिजिओनं एकदा नीट तपासलंय, कुठला पाय कमजोर आणि कुठला कडक ते तुम्हाला माहितीय, हे मी धरून चालते. रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, चालू असेल, स्टेरॉईड लागली असतील तर आत्ता काहीच नको, त्यातून बाहेर आल्यावर फिजिओच्या हाताखाली परत सुरुवात करायची.

वेळ सकाळची, कारण अंग तापलं की एमएसचा त्रास वाढतो, का ते पुढं सांगते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास खेळतो, नऊनंतर बाहेर पडायचा विचारच सोडा. उन्हाळ्यात मी सरळ घरात, पंख्याखाली करते.

सुरू करायच्या आधी गार व्हायचं. माठातलं किंवा फ्रीजचं पाणी घोट-घोट प्यायचं, ओला नॅपकिन मानेवर. बर्फ मात्र थेट कातडीवर ठेवू नका, जिथं बधिरपणा आहे तिथं कातडी भाजली तरी कळत नाही. आणि लघवीला सारखं जावं लागतं म्हणून पाणीच तोडणारे खूप जण आहेत, ते करू नका, जाऊन या आणि मग सुरू करा.

मग स्ट्रेचिंग. पोटरी, मांडीची मागची बाजू, ३० सेकंद धरायचं, झटके द्यायचे नाहीत. झालं.

आता चालणं. सगळी गोची इथं आहे आणि कुणी धड सांगत नाही. "झेपेल तेवढं करा" म्हणतात. अहो, झेपतंय की नाही हे एमएसमध्ये त्या क्षणी कळतच नाही, पाय चांगले चाललेले असतात, मन म्हणतं अजून एक राउंड, आणि पाच मिनिटांनी तोच पाय सिमेंट ओतल्यासारखा जड. मला हे जमायला फार वेळ लागला. सुरुवातीच्या काळात सांगलीच्या आमराई बागेतनं घरी येताना रिक्षा ठरलेली असायची.

कारण साधंय. नसांवरचं आवरण खराब झालेलं असतं, आणि अंगातली उष्णता जरा वाढली, अगदी अर्धा अंश सेल्सिअस, तरी तिथनं संदेश नीट जात नाही. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं पाहिलं होतं की श्रम केले की अशा पेशंटची नजर धूसर होते. त्याला दोष श्रमाचा वाटला, खरा दोष उष्णतेचा होता हे पुढं कळलं. अंग गार झालं की नजर परत येते, पायही परत येतो, नस नव्यानं बिघडलेली नसते. एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

तर करायचं असं. बऱ्यापैकी बरं वाटतंय अशा सकाळी घड्याळ लावून चाला आणि तुमची पहिली खूण शोधा. माझी खूण म्हणजे उजवी चप्पल जमिनीला घासल्याचा आवाज, कुणाची नजर धूसर होते, कुणाची जीभ जड होते, कुणाला मुंग्या. खूण आली की तिथंच बसायचं, वेळ बघायची. समजा १० मिनिटांनी आली, तर दुसऱ्या दिवसापासून ५ मिनिटं चालायचं, ५ मिनिटं बसायचं, परत ५ चालायचं. खूण येण्याआधी बसायचं, पाय चांगले चालत असतानाच. हे फार जीवावर येतं, आजूबाजूला लोक भराभर फेऱ्या मारत असतात आणि आपण धडधाकट दिसत असून बाकावर, पण बसायचं म्हणजे बसायचं.

निकाल लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर रोजच्यासारखं वाटलं तर मात्रा बरोबर होती, अंथरुणातनं पायच उचलत नसेल तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी. दोन आठवडे सगळं सुरळीत गेलं तरच प्रत्येक तुकड्यात १ मिनिट वाढवा, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वेळ वाढवली तर वेग तोच ठेवा. चालता चालता सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, धापा टाकत करण्यात काही शौर्य नाही.

जागा गोल फिरायची घ्या, बसायला सोय असलेली. आमराई चांगली, नाहीतर आपली गल्ली. कृष्णेवर आयर्विन पुलावर चालायला जायची हौस सगळ्यांना असते, पण पुलाच्या मध्यात पाय संपले तर दोन्ही टोकं सारखीच लांब. सरळ रस्त्यानं जाणाऱ्यानं परतीचे पायही मोजून ठेवावे लागतात.

व्यायामानंतर अंधुक दिसलं किंवा पाय गळाला तर पंख्याखाली बसा, बहुतेक वेळा तासाभरात उतरतं. नवीन त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर मात्र डॉक्टरांना फोन, आणि ताप आहे का, लघवीची जळजळ आहे का ते आधी बघा, कारण इन्फेक्शननंही जुना त्रास डोकं वर काढतो.

ताकदीचं सोपंय. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, हात न लावता उठा-बसा, ८ ते १२ वेळा, मग मिनिटभर दम. प्लास्टिकची खुर्ची नको, सरकते.

तोलाचा व्यायाम स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून. डोळे मिटून एका पायावर वगैरे यूट्यूबवरचे प्रकार एकट्यानं अजिबात करू नका.

राहिली आंघोळ. व्यायाम झाल्या झाल्या बंबातलं कडकडीत पाणी अंगावर घेतलं की आत्ताच गार केलेलं अंग परत तापतं आणि पाय बाथरूममध्येच जातात. पूर्वी एमएस ओळखायला पेशंटला गरम पाण्यात बसवून बघायचे, त्यावरनं अंदाज घ्या. अर्धा तास थांबा, पाणी कोमट ठेवा, स्टुलावर बसून घ्या, आणि दाराला आतून कडी लावू नका.