अकराचा उपग्रह आणि खाडीची ओहोटी

भूगोल किंवा पर्यावरण घेऊन पदवी झालेली मुलं हल्ली विचारतात, ‘इकोटुरिझमच्या नकाशांचं काम करायचंय, कुठला कोर्स लावू?’ कोर्स लावा, पण आधी क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रंही फुकट. आणि सरावाला ठाण्याची खाडी आहेच. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. एवढा गुंतागुंतीचा सराव लोकलच्या अंतरावर मिळतोय, तर ताडोबाच्या नकाशापासून सुरुवात कशाला?

आधी खारफुटी आखा. ऑक्टोबरच्या चित्रात येऊरचा डोंगर आणि ऐरोलीची तिवरं एनडीव्हीआयवर, म्हणजे झाडोऱ्याचा हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकावर, जवळपास सारखीच हिरवी दिसतात. एप्रिलचं चित्र उघडा. डोंगरावर पानगळ झालेली असते, तिवरं तशीच हिरवीगार. सीमा आपोआप सुटी होते. मात्र पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, १० मीटरचा असतो हे विसरू नका. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांत मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो, म्हणजे तुमच्या चित्रात जेमतेम पाच पिक्सेल. कडेचा एक पिक्सेल अर्धा झाडाचा, अर्धा चिखलाचा निघाला की हिशोब कोलमडला. पायवाट किंवा निरीक्षण मनोरा कुठे बसवायचा हे जीपीएस घेऊन कडेने चालल्याशिवाय ठरवू नये.

खरी गंमत भरती-ओहोटीत आहे, आणि ती वर्गात क्वचितच शिकवतात. सेंटिनेल-२ आपल्यावरून दर वेळी सकाळी अकराच्या सुमारास जातो. आता किनाऱ्यावरचा जुना हिशोब लावा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर. म्हणजे उधाणाच्या, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत उपग्रह येतो तेव्हा खाडी भरत आलेली असते. त्याला ओहोटी सापडते ती अष्टमीच्या आगेमागे, भांगाची (लहान भरती-ओहोटीची), जेव्हा पाणी फारसं मागे सरतच नाही. उधाणाची ओहोटी, जिच्यात चिखल सर्वांत लांबवर उघडा पडतो, ती येते सकाळ-संध्याकाळ सहा-सातला. वर्षानुवर्षांची चित्रं एकावर एक रचली तरी ती त्यांत नसते.

त्यासाठी सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार घ्या. ते सकाळ-संध्याकाळच्या सुमारास जातं आणि त्याला अंधार किंवा ढग अडवत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यातही उपयोगी. अडचण एकच: गुळगुळीत ओला चिखलही रडारवर पाण्यासारखा काळा दिसतो. म्हणून प्रत्येक चित्राच्या तारखेपुढे तिथी आणि भरतीची वेळ लिहायची सवय लावा. माझ्या ॲट्रिब्यूट टेबलात (नकाशामागच्या माहितीच्या तक्त्यात) तिथीचा वेगळा रकाना असतो. मुंबईबाहेरचे सहकारी हसतात, हसू देत.

पर्यटनाचं वेळापत्रक याच रकान्यावर उभं राहतं. बोटीला पाणी लागतं, फ्लेमिंगोंना चिखल. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की पक्षी नेरुळकडच्या पाणथळींवर जातात. त्यामुळे ‘पक्षी कुठे दिसतील’ हा एक ठिपका दाखवणारा नकाशा फसवा. भरतीचा आणि ओहोटीचा असे निदान दोन नकाशे द्या. विणीच्या जागा मात्र पर्यटकांच्या नकाशावर अजिबात टाकू नका, मालकाने आग्रह धरला तरी. त्या आतल्या कामाच्या थरात ठेवा.

नोकरीचं म्हणाल, तर सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला डिजिटायझेशनच येतं. दिवसभर रस्ते आणि तळ्यांच्या कडा गिरवणं. कंटाळवाणं आहे, पण हात तिथेच बसतो. मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाइल न्याच, सोबत खाडीचा स्वतः केलेला एक नकाशा न्या. त्यावर चित्राची तारीख, प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत (आपल्याकडे यूटीएम ४३ उत्तर), आणि भरतीची वेळ लिहिलेली असू द्या. समोरचा जाणकार असेल तर पहिला प्रश्न त्या वेळेवरच विचारेल.