१ जून ही जन्मतारीख नव्हे: पूर्वजांची वयं शोधताना या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी नात्यातल्या आणि ओळखीतल्यांच्या वंशावळी जुळवतेय. पुण्यात हल्ली हे काम बरेच जण हाती घेतात, आणि प्रत्येकाच्या वंशावळीत मला एक तारीख हमखास दिसते: १ जून. आजोबा १ जून, त्यांचा भाऊ १ जून, मावसआजी १ जून.

शाळा जूनमध्ये उघडायची. मूल नाव घालायला आणलं की मास्तर विचारायचे, "सहा पूर्ण झाली का?" बरोबर आलेलं माणूस म्हणायचं, "झाली असतील." मास्तर त्या सालातून सहा वजा करायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून सेवापुस्तकात, तिथून पेन्शनच्या कागदांवर उतरायची. नवीन माणसाला वाटतं, चार कागद जुळले, म्हणजे चार पुरावे झाले. पुरावा एकच आहे, चार वेळा उतरवून घेतलेला.

हे मी कुलसंमेलनाच्या दिवशी शिकले. वंशावळीच्या दोनशे प्रती छापून आणल्या होत्या. माझ्या आजोबांची जन्मतारीख ५ मार्च १९१४, त्यांचे थोरले बंधू भाऊआजोबा यांची १ जून १९१४. दोन्ही कागदांवरून घेतलेल्या, म्हणून मी निर्धास्त होते. चुलतआत्याने कार्यालयात चष्मा लावून पान वाचलं आणि विचारलं, "अगं, माझ्या आजीला तीन महिन्यांत दोन मुलगे झाले का? आणि त्यातही धाकटा आधी?"

मग तिने सांगितलं. १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत घरातला कर्ता पुरुष गेला. थोरल्याला काकांनी पुरंदरातल्या गावाहून शनिवार पेठेत आणलं, धाकटा आईजवळ राहिला. या गडबडीत थोरल्याची शाळा राहून गेली होती. १९२० साली काकांनी त्याला शाळेत घातलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आठव्या वर्षी पहिलीत बसवायचं म्हणून वय सहा सांगितलं. वडील गेलेल्या मुलाला वर्गात कमीपणा वाटू नये, एवढंच काकांच्या मनात होतं.

आत्याच्या ट्रंकेतून जन्मटिपण निघालं: "शके १८३३ विरोधकृत् नाम संवत्सरे माघ शुद्ध", आणि तिथीच्या जागी कसरीने पाडलेलं भोक. इथे मी दुसरी चूक केली. शकात ७८ मिळवले, १९११ काढलं आणि सगळ्यांना फोन करून सांगितलं. शक चैत्रात सुरू होतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणजे साल १९१२. पौष दोन्हींकडे पडतो, तिथे जुनं पंचांग उघडल्याशिवाय साल लिहूच नका.

संवत्सराचं नावही मी आता न चुकता ताडून पाहते. शकात १२ मिळवा, ६०ने भागा. बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला प्रभवापासूनचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावा. १८३३ अधिक १२ म्हणजे १८४५, बाकी ४५, पंचेचाळिसावा विरोधकृत्. जुळलं. जुळलं नाही तर टिपण उतरवताना चूक झालीय, किंवा स्थळाशी जुळावी म्हणून पत्रिका मागाहून नवी मांडलीय. तशा पत्रिका मी पाहिल्या आहेत, म्हणून नुसती पत्रिका मिळाली की शोध थांबवणाऱ्यांची मला काळजी वाटते.

खरं तर पुरावा माझ्याच कपाटात होता. भाऊआजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो, मागे शाईने डिसेंबर १९९२. हा विधी साधारण ८० वर्षं १० महिन्यांनी येतो आणि घरचे तो खऱ्या वयाने करतात. सरकारी कागदांनुसार ते तेव्हा ७८चे होते.

बायकांच्या वयांबाबत वेगळी सावधगिरी लागते. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडचा शारदा कायदा, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीची किमान मर्यादा १४ वर्षं ठरली. त्यानंतरच्या लग्नात मुलीचं वय चौदा-पंधरा सांगितलेलं असेल तर ते तसंच उतरवून घेऊ नका. "पंधराची होते," असं आयुष्यभर सांगणाऱ्या एका आजींना मी लग्नाचा दिवस आठवायला सांगितला. त्या म्हणाल्या, "दारात मी सागरगोटे मागितले, तर सासूबाई हसल्या." मी पेन खाली ठेवलं. अशा वेळी वय विचारू नये, प्रसंग विचारावा. लग्न झालं तेव्हा पाठची बहीण चालत होती का? माणूस आकडा बदलून सांगतं, प्रसंग सहसा बदलत नाही.

मृत्यूच्या नोंदीतलं "वय अंदाजे ७०" जन्मसाल काढायला वापरू नका. ते शोकातल्या माणसाने सांगितलेलं असतं.

"साठावं लागलं" आणि "साठ पूर्ण झाली" यांत एका वर्षाचा फरक आहे.

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच असतं. आधी वारलेल्या भावंडाची नोंद आपल्या माणसाला चिकटवू नका. जुनी पानं मोडीत असतात. मोडी शिका, तीन महिन्यांत हात बसतो. फोटो काढून ग्रुपवर "कुणी वाचून देईल का" विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

"पानशेतच्या पुरात सगळं गेलं" हे पेठांमधल्या घरांत नेहमी ऐकू येतं. १२ जुलै १९६१ला खरोखरच ट्रंका वाहून गेल्या. पण घरातले कागद गेले, गावच्या तहसिलीतले आणि यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतले गेले नाहीत. पुरानंतर आठवणीवरून केलेल्या प्रतिज्ञापत्रावर विसंबण्याआधी तिकडे जाऊन या. उपाध्यायांच्या वहीत मुलाचं नाव आलं, की तो त्या नोंदीच्या आधी जन्मला हे पक्कं.

माझी सवय अशी: वहीत पेन्सिलीने तीन रकाने आखते. तारीख, कुणी सांगितली, कशासाठी सांगितली. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत तारीख पक्क्या शाईत जात नाही. खोटी तारीखही मी खोडत नाही. भाऊआजोबांच्या नावापुढे आता दोन्ही आहेत, माघ १९१२ आणि १ जून १९१४, आणि दुसरीखाली काकांचं नाव.

आत्याचीही कागदावरची तारीख १ जूनच आहे. आई तिला सांगायची, तू गौरी जेवल्या त्या रात्रीची. सोमवारी मी सासवडच्या तहसिलीत जातेय, कोतवाल बुकातली भाद्रपदाची पानं बघायला.