ओझं जड झालं की: प्रार्थना, विसावा आणि मदत यांची सांगड कशी घालावी

ख्रिस्ती माणसाने 'थकलो' म्हणू नये, असा एक समज मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, खोलवर रुजलेला आहे. 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल' असं सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कित्येक रात्री ज्याचा डोळा लागलेला नाही, त्याला ते ऐकून आणखी अपराधी वाटतं. आपला विश्वासच कमी पडतोय की काय, अशी टोचणी लागते. प्रभू येशूने मात्र 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या' (मत्तय ११:२८) अशी हाक मारली, ती थकलेल्यांनाच. घरातलं लांबलेलं आजारपण, कर्ज, नोकरीची टांगती तलवार, तुटत चाललेलं नातं, जवळच्या माणसाचा मृत्यू, यांपैकी कुठलंही ओझं तुमच्यावर असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. पहिली पायरी वाचून काहींना आश्चर्य वाटेल.

१. आधी जेवा आणि झोपा

पवित्र शास्त्रातलं 'पहिले राजे' हे पुस्तक, अध्याय १९ काढा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने खचला. सेवकाला बैर-शेबात सोडून तो एकटाच रानात एका दिवसाची वाट चालून गेला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, आता माझा प्राण घे. मग तिथेच झोपला.

पुढे काय होतं ते सावकाश वाचा. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही म्हणतो, खा, नाहीतर पुढची वाट तुला झेपणार नाही. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस चालून होरेब डोंगरापर्यंत पोहोचतो, आणि देव त्याला 'तू इथे काय करतोस?' असं विचारतो ते तिथे. झुडपाखाली ना प्रश्न, ना उपदेश, ना रागावणं. ज्याला मरावंसं वाटत होतं, त्याच्यासाठी देवाने आधी भाकरीची आणि झोपेची सोय केली. म्हणून शरीराची काळजी घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही.

आता हे रोजच्या जगण्यात आणा. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. चहा-कॉफी दुपारनंतर टाळा, कारण कॅफीन कित्येक तास शरीरात राहतं. दारूने गुंगी येते, पण मध्यरात्रीनंतरची झोप मोडते. आजाऱ्याच्या उशाशी जागावं लागत असेल, तर दिवसा तासभर पडायची वेळ ठरवा आणि त्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तिथे बसवा. भूक नसली तरी जेवायच्या वेळी थोडं खाऊन घ्या. दिवसाउजेडी अर्धा तास चाला. आणि मोठे निर्णय रात्री घेऊ नका. थकलेल्या डोक्याला रात्री प्रत्येक वाट बंदच दिसते.

पोटात अन्न गेलं आणि थोडी झोप झाली, की मग पुढचं.

२. देवाजवळ मोकळेपणाने रडा, तक्रार करा

आपल्या प्रार्थना फार सभ्य असतात. आभार, स्तुती, विनंती, आमेन. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतली, म्हणजे प्रार्थनागीतांतली, माणसं अशी बोलत नाहीत. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा विचारतो, किती काळ? तू मला विसरलास का, इथपर्यंत तो जातो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. म्हणजे अशा प्रार्थनेलाही देवाजवळ जागा आहे.

करायचं असं. दहा मिनिटं एकटे बसा, वही घ्या. तेराव्या स्तोत्राचाच धागा धरा: आधी देवाला हाक, मग तक्रार, मग नेमकी मागणी, आणि शेवटी, जमलं तर, भरवशाची एक ओळ. आजारी आईची सेवा करणारी मुलगी असं काहीतरी लिहील:

'प्रभू, आज आईने तिसऱ्यांदा औषध थुंकलं आणि मी तिच्यावर ओरडले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. मला तिचा राग येतो, मग स्वतःचा येतो. हे कधी संपणार असं वाटतं, आणि संपणार म्हणजे काय होणार हे कळल्यावर भीती वाटते. आजची रात्र ती शांत झोपू दे. उद्या माझा आवाज चढू देऊ नकोस. तू इथे आहेस असं आज मला वाटत नाही, पण मी तुझ्याशीच बोलते आहे.'

यातलं शेवटचं वाक्य हाच भरवसा. त्याहून मोठा आणायची गरज नाही.

काहीच सुचत नसेल तर जुनेच शब्द पुन्हा म्हणा. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली तीही त्याच शब्दांत, असं मत्तय लिहितो (२६:४४). किंवा श्वासाबरोबर वचन म्हणा. श्वास घेताना 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', सावकाश सोडताना 'मला काही उणे पडणार नाही'. सोडतानाचा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके संथ होतात. पाच मिनिटांत फरक जाणवतो.

३. कुठलं ओझं कुणाचं, हे कागदावर वेगळं करा

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल दुसऱ्या वचनात सांगतो, एकमेकांची ओझी वाहा. आणि पाचव्या वचनात सांगतो, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. दोन्ही खरं आहे. आणि प्रभूचा शिष्य पेत्र म्हणतो, आपली सगळी चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो (१ पेत्र ५:७). यावरून कागदावर तीन रकाने आखा: माझं, सोबतीने उचलायचं, देवाचं.

समजा धंदा बसला आणि कर्ज अंगावर आलं. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांचे फोन उचलणं, खरा आकडा जोडीदाराला सांगणं, हप्ते कमी करून मिळतील का हे विचारणं, हे माझं. हिशोब नीट मांडायला जाणकार मित्राला सोबत घेणं, मुलांना शाळेतून आणायला शेजाऱ्यांना सांगणं, हे सोबतीने. धंदा पुन्हा उभा राहील का, लोक काय म्हणतील, पाच वर्षांनी मुलांचं काय होईल, हे देवाचं. आपलं डोकं दिवसभर फिरत असतं ते या तिसऱ्याच रकान्यात, आणि पहिल्या रकान्यातला साधा फोन मात्र राहून जातो. म्हणून रोज सकाळी पहिल्या रकान्यातलं एकच काम करा. तिसऱ्यातली एकेक ओळ नाव घेऊन प्रार्थनेत ठेवा. ती रात्री परत डोक्यात येईलच. आली की पुन्हा ठेवा.

४. मदत मागताना नेमकं काम सांगा

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला आणि त्याने स्पष्ट सांगितलं, तू करतोस ते ठीक नाही, अशाने तू झिजून जाशील आणि हे लोकही (निर्गम १८). हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. अवघड तेवढं स्वतःकडे ठेव. मोशेने ऐकलं.

'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढ्यावर थांबू नका. मंडळीतली माणसं मदतीला तयार असतात, पण काय करावं ते त्यांना कळत नाही. 'गुरुवारी दुपारी दोन ते चार बाबांजवळ बसाल का?' असं विचारा. सगळ्यांना सगळं सांगायचीही गरज नाही. तोंडाला कुलूप असलेला एक विश्वासू माणूस पुरतो.

५. आठवड्यातला एक दिवस राखा, मोडला तरी पुन्हा राखा

'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचं, कारण दिलं आहे: तुम्ही मिसर (इजिप्त) देशात दास होता हे आठवा. दासाला सुट्टी नसते. सातव्या दिवशी हात थांबवणारा माणूस आता दास राहिलेला नाही.

पण आजाऱ्याचं करणाऱ्याला, तान्ह्या मुलाच्या आईला अख्खा दिवस कुठून मिळणार? त्यांनी मार्क, अध्याय ६ वाचावा. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा प्रभू म्हणाला, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या. ते होडीतून निघाले, तर लोक पायी धावत आधीच तिथे हजर! प्रभूला त्यांचा कळवळा आला, त्याने त्यांना शिकवलं, जेवू घातलं. मात्र त्यानंतर त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, जमावाला निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. विसावा हुकला म्हणून त्याने तो सोडून दिला नाही. तुमचा रविवार मोडला, तर सोमवारी संध्याकाळचे दोन तास घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि मंडळीतल्या एखाद्या जबाबदारीला सध्या 'नाही' म्हणा. पाळकांना कारण सांगितलंत तर ते समजून घेतील.

६. डॉक्टरकडे कधी जायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पौलाबरोबर प्रवास करणारा लूक स्वतः वैद्य होता. गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेने बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

जीव नकोसा झाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता, रात्र असली तरी, कुणाला तरी उठवून सांगा. हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा. एकटे राहू नका. आणि घरात कुणी मारहाण करत असेल, तर 'हा माझा वधस्तंभ' म्हणून ते सोसायचं नसतं. कुणीही तसं शिकवलं असलं तरी ते चूक आहे. आधी सुरक्षित जागी जा.

७. कागद दर आठवड्याला पुन्हा काढा

काही ओझी उतरत नाहीत. पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे सतत सलणारी एक पीडा, जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही. त्यामुळे एका महिन्यात सगळं हलकं होईल अशी मुदत स्वतःला घालू नका. आठवड्यातून एकदा तीन रकान्यांचा कागद समोर घ्या, झालेल्या कामांवर रेघ मारा, आणि मधल्या रकान्यात अजून एखादं नाव घालता येईल का ते बघा. बहुतेक वेळा येतं.