तुमच्या मोबाईलमध्ये फक्त तुमचीच माहिती नसते: या चुका टाळा

गेल्या आठवड्यात तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार दुकानात आले. "फोन लई तापतोय बघा, आणि चार्जिंग दुपारपर्यंतबी टिकंना." बॅटरी बदलायची, असं ठरवूनच आले होते. मी ॲपची यादी उघडली, तर त्यात 'लग्नपत्रिका' नावाचं एक ॲप. भावकीच्या ग्रुपवर पुतण्याच्या नंबरवरून पत्रिका आली, ती त्यांनी उघडली. मग त्यांच्या नंबरवरून तीच पत्रिका व्यापारी, पाहुणे, औषध दुकानदार अशा सगळ्यांना गेली आणि त्यांना पत्ताच नव्हता.

सांगलीत मोबाईल दुरुस्ती करताना मी एक वाक्य रोज ऐकतो, "माझ्या फोनात चोरण्यासारखं आहेच काय?" तुमचं नसेलही. पण त्यात मेहुणीचा नंबर आहे, शेजारच्या लेकरांचे वाढदिवसाचे फोटो आहेत, कुणाला उसने किती दिले याचा हिशेब आहे. ही माणसं तुमच्या भरवशावर आहेत.

'एपीके' उघडणं

खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, मग ते सख्ख्या भावाने पाठवलेलं का असेना. वाहतुकीचं चलन, बँकेची केवायसी अशा नावांनीही ते येतं. एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि आपण ती दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हातात.

उघडलं गेलंच तर आधी फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर तासभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. ॲप निघत नसेल तर सेटिंगमधल्या 'डिव्हाइस ॲडमिन'मध्ये त्याच्यापुढची खूण काढा, मग अनइन्स्टॉल होतं. तरीही हटत नसेल तर फॅक्टरी रीसेटला, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याला, पर्याय नाही. फोन स्वच्छ झाल्यावर *#21# लावून तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघा. वळवले असतील तर ##002# ने ते बंद होतात. आणि ज्यांना ज्यांना पत्रिका गेली, त्यांना फोन करून सांगा. त्या बागायतदारांनी माझ्या दुकानात बसून, माझ्या फोनवरून एकेकाला सांगितलं. लाजले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

कागदांचे फोटो गॅलरीत ठेवणं

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं आणि रेशनकार्ड, पासबुक, सातबारा यांचा लगदा झाला. तेव्हापासून बऱ्याच जणांनी सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलेत. सवय चांगली, जागा चुकीची. ज्या ॲपला गॅलरीची पूर्ण परवानगी आहे, त्याला हे सगळे फोटो खुले असतात. आधार, लायसन्स सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये ठेवा, तिथली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते. बाकीचे फोटो फोनमधल्या कुलूपबंद फोल्डरमध्ये हलवा.

यापेक्षा मोठी गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. "या नंबरवर पाठवा," म्हटलं की आपण आधार, पॅन, पासबुक पाठवून मोकळे. प्रिंट हातात आली, पण फाईल त्या कॉम्प्युटरच्या 'डाउनलोड्स'मध्ये तशीच राहते. आपल्या बाजूने मेसेज डिलीट केला तरी तिथली उतरवलेली प्रत जात नाही. समोर उभं राहून ती फाईल आणि मग रिसायकल बिनही रिकामा करायला सांगा. दुकानदाराला यात वाईट वाटायचं कारण नाही. तुम्ही स्वतःचं व्हॉट्सॲप तिथे उघडलं असेल, तर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉग आउट करायला विसरू नका.

जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तुमच्या गल्लीत ते कुणाला माहीत नाही?

'अलाऊ' दाबत सुटणं

टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत? झटपट कर्ज देणारी ॲप्स हीच यादी उचलतात आणि हप्ता चुकला की सासऱ्यांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना फोन लावतात. कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फाईल्सना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलंय. मागत असेल तर तिथेच थांबा. सेटिंगमधल्या 'परमिशन मॅनेजर'मध्ये कॉन्टॅक्ट, माईक, लोकेशन कुणाकुणाकडे आहे ते दिसतं. लोकेशन 'ॲप वापरत असतानाच' एवढंच ठेवा.

"हळद शिजवायच्या बॉयलरचं नुसतं बोललो आणि फेसबुकवर तीच जाहिरात आली, फोन ऐकतो का?" असं बरेच विचारतात. त्यासाठी ऐकायची गरजच पडत नाही. घरातल्याच वायफायवर भावाने तो बॉयलर शोधलेला असतो, तुम्ही त्या दुकानात जाऊन आलेले असता. अँड्रॉइड 12 पासून माईक किंवा कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, तिच्याकडे लक्ष ठेवा. गुगलच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचा आयडी डिलीट करा आणि 'ॲक्टिव्हिटी' 3 महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं लावून ठेवा.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात: टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 अंकी पिन लावा, आणि चॅट बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे त्याला लागणारं कुलूप, वेगळं चालू करावं लागतं, ते करा.

दुरुस्तीला देताना पिन लिहून देणं

डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला लॉक लागत नाही, मी या धंद्यातला म्हणून सांगतो. टच तपासायचा असेल तर तुमच्यासमोर, तुम्हीच उघडून द्या. आमच्याकडे चिठ्ठीवर पिन लिहून आला की मी ती चिठ्ठी परत देतो.

आणि आज घरी बसून होण्यासारखं एक काम. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' वेबसाइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' असं कळवता येतं. पण कळवण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. आपल्याकडे सिम वडिलांच्या नावावर आणि फोन पुण्याला शिकणाऱ्या मुलीच्या हातात, असं घरोघरी आहे.