मुंबईत फ्लॅट घेताना ब्रोकरचा प्रामाणिकपणा कसा पारखावा

मुंबईत ब्रोकरशिवाय घर मिळणे अशक्य नाही, परंतु सोसायटीतील रिसेलचा फ्लॅट शोधणाऱ्याला बहुधा त्याच्याकडे जावेच लागते. त्याची सचोटी बोलण्यावरून ओळखता येत नाही. नेमके प्रश्न विचारून उत्तरे कागदांशी ताडून पाहिल्यास मात्र ती बऱ्यापैकी कळते.

पायरी 1 : नोंदणी पाहावी. विकासकाकडून नव्या प्रकल्पात घर घ्यायचे असेल, तर 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम 9 नुसार एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे. त्याचा क्रमांक मागून महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर स्वतः तपासावा. एजंटाचा क्रमांक ‘ए’ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो, त्यामुळे प्रकल्पाचाच क्रमांक कोणी स्वतःचा म्हणून पुढे केला तर ते लगेच लक्षात येते. महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे, तेव्हा ते प्रमाणपत्र मागण्यात संकोच बाळगू नये. म्हाडाच्या सोडतीत घर मिळवून देतो म्हणणाऱ्याची तर तपासणीही नको, कारण म्हाडा त्यासाठी एजंट नेमतच नाही.

रिसेलमध्ये विक्रेता विकासक नसून सोसायटीचा सभासद असतो आणि तेथे या नोंदणीची सक्ती लागू होत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या अधिक महत्त्वाच्या आहेत.

पायरी 2 : दलाली कोणाकडून आणि किती, हे विचारावे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि लोक नेमका तोच विचारायचे टाळतात. मुंबईत प्रत्येक बाजूकडून साधारण एक ते दोन टक्के दलाली घेण्याचा प्रघात आहे. दीड कोटींच्या फ्लॅटवर दोन्हीकडून एकेक टक्का धरला तरी तीन लाख रुपये होतात. दोन्हीकडून पैसे घेणे गैर नाही. ते लपवून “मी फक्त तुमच्या बाजूने भाव पाडतोय” असे सांगणे गैर आहे. टक्केवारी, जीएसटी, पैसे टोकनच्या (इसाऱ्याच्या) वेळी द्यायचे की करारनाम्याच्या नोंदणीनंतर, आणि व्यवहार फिसकटल्यास काय, हे सर्व निदान ईमेलवर तरी लिहून घ्यावे.

विक्रेत्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रोकर स्वतःच, किंवा नातेवाइकाच्या नावाआड, फ्लॅट घेऊन पुढे चढ्या भावाने विकत असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 ची कलमे 215 आणि 216 मालकाच्या मदतीला येतात: संमतीवाचून केलेला असा व्यवहार, महत्त्वाची बाब दडवली असल्यास, मालक नाकारू शकतो आणि एजंटाने त्यातून मिळवलेला फायदाही मागू शकतो.

पायरी 3 : दावे मोजून घ्यावेत. व्हॉट्सॲपवर “टू बीएचके, 900 फूट, स्टेशन पाच मिनिटे” असा संदेश येतो. हे 900 कार्पेट की बिल्ट-अप, हे विचारून टेपने खोल्या मोजाव्यात आणि मूळ करारनाम्यातील आकडा पाहावा. रेराच्या व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. “याच बिल्डिंगमधला फ्लॅट गेल्या महिन्यात इतक्याला गेला,” असे ब्रोकर म्हणाला, तर नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवर त्या इमारतीचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढून मोबदल्याची रक्कम पाहावी. “ओसी येईलच” या वाक्याला मात्र काहीच किंमत देऊ नये. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र; त्याची प्रत मागावी.

पायरी 4 : टोकनची घाई करू नये. “दुसरी पार्टी संध्याकाळीच चेक घेऊन येतेय,” हे वाक्य कधी खरेही असते. तरीही आधीच्या करारनाम्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट आणि मालकाच्या कर्जाची स्थिती पाहिल्यावाचून टोकन देऊ नये. ते ब्रोकरच्या नव्हे, मालकाच्या खात्यात भरावे आणि परताव्याच्या अटींसह पावती घ्यावी. करारातील किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोख देण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरा ब्रोकर गाठावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे.

ग्राहकांकडूनही लबाडी होते. घर ब्रोकरने दाखवायचे आणि नंतर मालकाला परस्पर गाठून त्याची दलाली बुडवायची, असे करणाऱ्यांनी त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

पायरी 5 : फसवणूक झाल्यास तक्रार करावी. नोंदणीकृत प्रकल्पाबाबत एजंटाने दिशाभूल केली असल्यास महारेराकडे जाता येते. कलम 62 नुसार त्याला दररोज 10,000 रुपये, कमाल घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. रिसेलमधील सदोष सेवेसाठी ग्राहक आयोग आहे आणि उघड फसवणुकीसाठी पोलीस ठाणे. या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतात ते जाहिरातीचे स्क्रीनशॉट, संदेश आणि बँकेच्या नोंदी, म्हणून व्यवहार पूर्ण झाल्यावरही त्या पुसून टाकू नयेत.